परीक्षकांनी दामटलेली गाडी विकत घ्यावी का? चाचणी-मोटारींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

#धागा #मोटारींचा_इतिहास

१/ वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात अधूनमधून एक निराळी जाहिरात दिसते. गाडी जेमतेम वर्षाची, रनिंग काही हजार किलोमीटर, नोंदणी थेट उत्पादक कंपनीच्या नावावर आणि किंमत नव्या गाडीपेक्षा बरीच कमी. चौकशी केली की कळते, ही 'प्रेस कार' होती. नियतकालिकांच्या, वाहिन्यांच्या आणि यूट्यूबवरच्या परीक्षकांना चालवून पाहता यावी म्हणून कंपनीने ती ठेवली होती. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "दहा हातांतून गेलेली वस्तू नको." मित्र म्हणतात, "कंपनीने सांभाळलेली गाडी आहे, डोळे मिटून घे." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे इतिहासात सापडते.

२/ प्रेस कारच्या वाट्याला दोन परस्परविरोधी गोष्टी येतात. पहिली म्हणजे कोणताही मालक स्वतःच्या गाडीला देणार नाही अशी वागणूक. जागेवरून पूर्ण जोराने सुटणे, तेही पुन्हा पुन्हा. ताशी शंभरच्या वेगावरून करकचून ब्रेक. छायाचित्रासाठी एकच वळण वीस वेळा. दुसरी म्हणजे कोणताही मालक ठेवणार नाही अशी निगा. प्रत्येक परीक्षकाकडे जाण्याआधी तपासणी, सफाई आणि गरज पडल्यास नवे टायर. कारण या एका गाडीवरून हजारो लोक आपले मत बनवणार असतात.

३/ तेव्हा अशी गाडी केवळ वाहन नसते, ती एक साक्ष असते. कंपनी तिच्या तोंडून बोलत असते, परीक्षक तिच्या आधारे लिहीत असतो आणि गिऱ्हाईक ते वाचून पैसे मोजत असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही साक्षीला तीन प्रश्न विचारावेत, असा रिवाज आहे. ही कोणी तयार केली? कोणासाठी तयार केली? आणि जिला यात लाभ नव्हता अशा तिसऱ्या व्यक्तीने ती तपासली होती का? हे तीन प्रश्न हातात घेऊन आपण काही प्रसिद्ध चाचणी-मोटारींची हजेरी घेऊ.

४/ हजेरीवरून आठवले. 'दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे' ही खोड मोटारींहून फार जुनी आहे. मध्ययुगीन लष्करात घोड्यांची हजेरी होत असे आणि घोड्यांच्या संख्येवर पगार ठरे. मग एकच घोडा दोनदा दाखवणे, किंवा उत्तम घोडा हजेरीपुरता उभा करून मोहिमेवर तट्टू नेणे, असे प्रकार सुरू झाले. त्यावर अलाउद्दीन खिलजीने 'दाग' पद्धत आणली. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाची खूण करायची आणि स्वाराचे वर्णन दफ्तरात लिहून ठेवायचे. पुढे अकबराने १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धत पुन्हा कडकपणे लागू केली. हा दाग लक्षात ठेवा; अमेरिकेत पोहोचल्यावर तो पुन्हा उपयोगी पडेल.

५/ आता मोटारींकडे वळू. १९०० साली इंग्लंडमध्ये मोटार हे श्रीमंतांचे, आवाज करणारे आणि हमखास बंद पडणारे खेळणे समजले जाई. हा समज दूर करण्यासाठी तिथल्या ऑटोमोबाइल क्लबने त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत हजार मैलांची चाचणी भरवली. लंडनहून निघून उत्तरेला स्कॉटलंडपर्यंत जायचे आणि परत यायचे. सुमारे ६५ वाहने निघाली. आयोजनाची धुरा क्लबचे सचिव क्लॉड जॉन्सन यांच्याकडे होती, तर पाठिंबा होता 'डेली मेल'चे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांचा. मोटारीची जाहीर परीक्षा आणि वृत्तपत्र यांची गाठ अशी आरंभीच पडली.

६/ त्या चाचणीत पान्हार्ड गाडी घेऊन उतरलेला एक उमदा तरुण म्हणजे चार्ल्स रोल्स. पुढे हेन्री रॉइस यांच्याशी त्याची भागीदारी झाली आणि क्लॉड जॉन्सनही त्यांना येऊन मिळाले. जाहीर परीक्षेचे महत्त्व जॉन्सन यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९०७ साली त्यांनी कंपनीच्या नव्या ४०/५० अश्वशक्तीच्या गाड्यांतली एक निवडली. तिला रुपेरी रंग दिला, तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेले साज चढवले आणि नाव ठेवले 'सिल्व्हर घोस्ट'. तिचा नोंदणी क्रमांक होता एएक्स २०१. पुढे या एका गाडीचे नाव त्या संपूर्ण मॉडेललाच चिकटले.

७/ इथवर ही नुसती जाहिरातबाजी वाटेल. पण जॉन्सन यांनी पुढे जे केले, त्यातच तिचे वेगळेपण आहे. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली ही गाडी लंडन आणि स्कॉटलंडच्या दरम्यान पुन्हा पुन्हा धावली. एकूण मजल १५,००० मैलांची. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्यांनी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. ही नामुष्की लपवली गेली नाही, नोंदली गेली. त्यानंतरचे १४,३७१ मैल गाडी अनिच्छेने एकदाही थांबली नाही.

८/ आणि मग आली खरी परीक्षा. क्लबच्या अभियंत्यांनी गाडी संपूर्ण उघडली. सुटे भाग मोजून पाहिले. झिजलेले भाग बदलून गाडी पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल, याचा हिशेब मांडला. तो निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. पंधरा हजार मैल, अनेक चालकांचे हात, तेव्हाचे रस्ते, आणि झीज इतकीच. हा आकडा कंपनीने स्वतःच जाहीर केला असता, तर त्याला फारशी किंमत नव्हती. तो तिसऱ्याने मोजला, म्हणून तो आजही सांगितला जातो.

९/ आता आपल्या मूळ प्रश्नाकडे पाहा. १९०८ मध्ये ही दामटलेली गाडी एका खासगी गिऱ्हाइकाला विकली गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर कंपनीची 'डेमो' गाडी, सेकंडहँड, रनिंग भरपूर. घेणाऱ्याचे नुकसान झाले का? मुळीच नाही. त्याने ती पुढे वर्षानुवर्षे वापरली. १९४८ मध्ये कंपनीने ती परत मिळवली, तोवर तिच्या नावावर पाच लाख मैलांचा प्रवास सांगितला जाऊ लागला होता. पहिल्या मालकाने गाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत एक वस्तू आली होती, जी नव्या कोऱ्या गाडीसोबतही येत नाही: आतल्या प्रत्येक भागाची, परक्या माणसाने केलेली तपासणी.

१०/ ही गोष्ट विलायतेतच थांबत नाही. तिचा दुसरा अंक आपल्या सह्याद्रीत घडला. त्याच सुमारास एक सिल्व्हर घोस्ट मुंबईत आली. तिचे नाव ठेवले होते 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती. १९०८ साली 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी भरवली. मजल सुमारे ६२० मैलांची, वाटेत सहा अवघड घाट. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते. डांबरी सडका नव्हत्या. बोरघाट काय किंवा कात्रज, खंबाटकी काय, बैलगाड्यांचीही दमछाक करणाऱ्या या चढणी होत्या.

११/ या चाचणीतही कसोटी वेगाची नव्हती. गाडी तिच्या मर्जीविरुद्ध किती वेळा थांबली, हे पाहायचे होते. पूर्वेचा मोती एकदाही थांबला नाही आणि म्हैसूर पारितोषिक त्याच्याकडे गेले. ही परीक्षा विलायतेतल्या परीक्षेहून आपल्या दृष्टीने अधिक मोलाची होती. इंग्लंडच्या थंड हवेत न तापणारे इंजिन देशावरच्या उन्हात घाट चढताना काय करते, ते लंडनच्या कागदावरून कळणार नव्हते. ज्या मुलखात गाडी चालवायची, त्याच मुलखात तिची परीक्षा झाली आणि तीही चार लोकांसमक्ष.

१२/ ही चाचणीत घासलेली गाडी विकत घेतली कोणी? ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. हा संस्थानिक यंत्रांचा खराखुरा जाणकार होता. आगगाडीचे इंजिन स्वतः चालवण्याची त्यांना हौस होती. त्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेत असे. ग्वाल्हेर संस्थानाची दोन फुटी रुंदीची छोटी रेल्वेही प्रसिद्ध आहे. पैशांची ददात नसलेल्या या माणसाला विलायतेहून पेटीबंद नवी गाडी मागवता आली असती. त्यांनी घाटात पारखलेली घेतली.

१३/ इथपर्यंत उत्तर सोपे वाटते: चाचणीची गाडी घ्यावी. पण पुढच्या पन्नास वर्षांत चाचणीचे स्वरूपच पालटले. १८९५ मध्ये सुरू झालेल्या 'ऑटोकार' या इंग्रजी नियतकालिकाने १९२८ पासून 'रोड टेस्ट' हा प्रकार नियमित केला. परीक्षा क्लबच्या मैदानातून संपादकाच्या टेबलावर आली. वाचकांची मोठी सोय झाली. वेग, ब्रेक, इंधनाचा खर्च, सारे आकड्यांत मिळू लागले. पण एक फट राहून गेली. परीक्षेला बसणारी गाडी बहुधा उत्पादकच निवडून पाठवी, आणि परीक्षेनंतर ती उघडून पाहणारा निरीक्षक आता उरला नव्हता.

१४/ या फटीतून काय शिरले, ते १९६१ साली दिसले. जॅग्वारच्या ई-टाइप या देखण्या गाडीचे जिनिव्हाच्या प्रदर्शनात अनावरण व्हायचे होते. त्यासाठीची एक गाडी, नोंदणी क्रमांक ९६०० एचपी, आधी 'ऑटोकार'च्या परीक्षकांकडे होती. तिने ताशी १५०.४ मैलांचा वेग गाठला. मग तीच गाडी कंपनीच्या माणसाने रातोरात जिनिव्हाला पळवत नेली. तिची बहीण ७७ आरडब्ल्यू नॉर्मन ड्यूइस यांनी कॉव्हेंट्रीहून तशीच रातोरात दामटली. ताशी दीडशे मैल आणि किंमत आवाक्यातली, या एका वाक्यावर जग वेडे झाले.

१५/ मात्र दीडशेचा आकडा गाठताना त्या गाडीला शर्यतीचे टायर होते आणि तिचे इंजिन काळजीपूर्वक जुळवलेले होते. सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीला ते दीडशे सहसा दिसले नाहीत. काटा काही मैल अलीकडेच थांबे. हे धादांत खोटे नव्हते. पाहुणे येणार म्हणून घर झाडून ठेवावे, तसेच हे. फरक इतकाच, की घर विकायला काढले असेल तर झाडलोटीच्या आड भिंतीची ओल लपते.

१६/ आणि या ९६०० एचपीचे पुढे काय झाले? इतर वापरलेल्या गाड्यांप्रमाणे ती हातोहाती फिरली आणि जीर्ण झाली. अखेर मोटार-इतिहासाचे लेखक फिलिप पोर्टर यांनी ती घेतली, सांभाळली आणि पुढे तिचा जीर्णोद्धार केला. आज ती जगातल्या प्रसिद्ध ई-टाइप गाड्यांपैकी एक मानली जाते. मधल्या मालकांच्या हाती ती केवळ एक जुनी, फार पिटाळलेली मोटार होती. तिचे मोल यंत्रामुळे वाढले नाही. ती नेमकी कोणती गाडी आहे हे सिद्ध करणाऱ्या क्रमांकामुळे वाढले.

१७/ आता अटलांटिक ओलांडू. १९६२ च्या आरंभी कॅलिफोर्नियात कॅरल शेल्बी या माजी शर्यतपटूने एसी या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि 'कोब्रा' जन्माला आली. शेल्बीकडे पैसा नव्हता, कारखाना नव्हता, तयार गाडी एकच होती: सीएसएक्स २०००. नियतकालिकांना मात्र असे भासवायचे होते, की उत्पादन जोरात सुरू आहे. मग शेल्बीने काय करावे? एका नियतकालिकाची चाचणी संपली, की तीच गाडी दुसऱ्या रंगात रंगवून पुढच्या नियतकालिकाकडे पाठवायची!

१८/ चौथ्या नोंदीतला घोडा आठवला ना? एकच घोडा, दोनदा हजेरी. खिलजीचा कारकून तिथे असता, तर त्याने रंग पाहिलाच नसता. त्याने दाग पाहिला असता. मोटारीचा दाग म्हणजे तिचा चॅसी क्रमांक. एखाद्या संपादकाने तो टिपून दुसऱ्याच्या टिपणाशी ताडून पाहिला असता, तर कोब्राचे बिंग त्या वर्षीच फुटले असते.

१९/ दैवाची गंमत पाहा. शेल्बीने ती गाडी कधी विकली नाही. मे २०१२ मध्ये त्याचे निधन झाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी इथे ती लिलावात निघाली. बोली गेली १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरवर. अनेक परीक्षकांनी पिदडलेली, चालकांच्या प्रशिक्षणालाही जुंपलेली, रंगांवर रंग चढलेली ही गाडी अमेरिकन मोटारींच्या लिलावातला विक्रम ठरली. पण यावरून 'प्रेस कार म्हणजे गुंतवणूक' असा निष्कर्ष काढू नये. शिवकालीन तलवारीला लाखो रुपये मिळतात, म्हणून कोणी भाजी चिरायला तलवार घेत नाही. ती गाडी त्या दिवशी गाडी म्हणून विकली गेली नाही, अवशेष म्हणून विकली गेली.

२०/ तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर'च्या अंकात पाँटिअॅक जीटीओची चाचणी झळकली. मुखपृष्ठावर तिच्या बरोबरीने कोण, तर फेरारीची जीटीओ! अमेरिकेतली परवडणारी गाडी इटलीच्या शर्यतीच्या गाडीशी टक्कर देते, अशी हवा झाली. चाचणीत तिने ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला. त्या काळात रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा थक्क करणारा होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. या खपामागे इतरही कारणे होती, परंतु त्या लेखाने गाडीचे नाव घरोघरी पोहोचवले हे निर्विवाद.

२१/ ज्याने गाडी पुरवली, त्या जिम वँगर्स या जाहिरातकाराने पुढे १९९८ च्या आत्मचरित्रात कबुली दिली. गिऱ्हाइकांना मिळणाऱ्या जीटीओत ३८९ घनइंची इंजिन होते. चाचणीच्या गाडीत ४२१ घनइंची इंजिन दडवले होते. दोन्ही बाहेरून सारखीच दिसत. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण इतकी अक्षरशः खरी क्वचितच होते. सत्य बाहेर यायला चौतीस वर्षे लागली, तेही फसवणाऱ्यानेच सांगितले म्हणून.

२२/ पण इथे क्षणभर थांबा आणि विचारा: यात फसले कोण? ती विशिष्ट चाचणीची गाडी कोणी जुन्या बाजारात घेतली असती, तर त्याला जाहिरातीपेक्षा मोठेच इंजिन मिळाले असते. फसले ते नवी गाडी घेणारे, ज्यांनी लेख वाचून शोरूम गाठली. प्रेस कारसंबंधीची आपली भीती चुकीच्या जागी रोखलेली असते. 'परीक्षकांनी गाडीची वाट लावली असेल' ही शंका यावी, हे ठीकच. त्याहून मोठी शंका अशी, की 'ही गाडी इतर गाड्यांसारखी आहे तरी का?' जी गाडी नमुन्याहून वेगळी जुळवलेली असते, तिचे सुटे भाग, तिची दुरुस्ती आणि तिची हमी, सारेच पुढे मालकाला कोड्यात टाकू शकते.

२३/ या रोगावर एक इलाजही इतिहासाने सुचवला. १९३६ साली अमेरिकेत ग्राहकांची एक संघटना उभी राहिली. तिचे नियतकालिक आज 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नावाने ओळखले जाते. तिचा नियम साधा आहे. उत्पादकाकडून चाचणीला गाडी घ्यायची नाही. आपली ओळख न सांगता, चारचौघांसारखे शोरूममध्ये जाऊन पूर्ण पैसे मोजून ती विकत आणायची. चाचण्या कनेक्टिकट राज्यातल्या स्वतःच्या मैदानावर करायच्या आणि त्या संपल्या की गाडी विकून टाकायची. अशी गाडी परीक्षकांनी वापरलेलीच असते. पण कोणीही खास सजवून पाठवलेली नसते, आणि तिच्यावर काय काय झाले ते छापून आलेले असते. १९०७ च्या सिल्व्हर घोस्टची ही खरी वारसदार.

२४/ आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, त्यालाही कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत, बंगालमधून अँबेसेडर येत. नंबर लावल्यावर गाडी हाती यायला वर्षे लागत. टंचाईच्या बाजारात गिऱ्हाईक परीक्षण वाचून काय करणार? जी मिळेल ती गाडी, जो मिळेल तो रंग. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले, निवड करण्याजोग्या गाड्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग परीक्षकही आले. परीक्षक आले म्हणून प्रेस कार आल्या, आणि आता त्या जुन्या बाजारातही उतरू लागल्या आहेत.

२५/ मग घ्यावी की नाही? आपल्या तीन गोष्टींवरून तीन प्रकार पडतात. पहिला, सिल्व्हर घोस्टचा: काय झाले ते उघड आहे आणि नोंदलेले आहे. अशी गाडी वाजवी सवलतीत मिळत असेल, तर जरूर घ्यावी. दुसरा, ई-टाइपचा: गाडी खरी, पण थोडी सजवलेली. तिच्यावर काय बदलले ते विचारून, मूळ भाग आहेत ना ते पाहून, भाव करून घ्यावी. तिसरा, कोब्रा आणि जीटीओचा: ओळखच संशयास्पद. अशी गाडी संग्रहालयासाठी ठीक. रोज कार्यालयात जायला ती नको.

२६/ कोणता प्रकार समोर आहे, हे ठरवायचे कसे? प्रथम दाग पाहा. आरसीवरचा चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. गाडी विक्रीसाठीच्या नेहमीच्या उत्पादनातली आहे की त्याआधीच्या नमुन्यांतली, हे लेखी विचारा. नमुन्यातली असेल तर तिथूनच नमस्कार करा. नोंदणी कंपनीच्या नावावर असेल, तर तुम्ही दुसरे मालक ठराल आणि पुढे विकताना त्याची किंमत मोजाल. ती आजच सवलतीत धरून घ्या. हमी किती उरली आहे आणि ती तुमच्या नावावर होते का, हेही कागदावर हवे.

२७/ मग अंग पाहा. परीक्षकांच्या हाती इंजिनाआधी झिजतात ते क्लच, ब्रेकच्या चकत्या, टायर आणि सस्पेन्शन. ओडोमीटरचा आकडा लहान असला, तरी त्यातले किलोमीटर जड असतात. गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन लिफ्टवर चढवा आणि खालचा भाग तपासा. खड्ड्यात आपटल्याच्या खुणा वरून धुतल्याने जात नाहीत. सर्व्हिसच्या नोंदी आणि विम्याच्या दाव्यांची माहिती मागा. आणि एक सोय फक्त प्रेस कारच्याच बाबतीत आहे: तिच्यावरची परीक्षणे शोधा. छायाचित्रांत नंबरप्लेट दिसते. तुमची भावी गाडी कोणत्या मैदानावर धूळ उडवत होती, हे बहुधा तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल.

२८/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा आग्रह एकच होता. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा घटना घडताना लिहिलेले पत्र अधिक विश्वासार्ह. प्रेस कारच्या बाजारातही तोच न्याय लागतो. विकणाऱ्याचे गोड वर्णन ही बखर. तारखेनिशी असलेली सर्व्हिसची नोंद आणि मेकॅनिकने लिहून दिलेला तपासणीचा कागद ही पत्रे. बखर रंजक असते, तिच्यात सत्यही असते. पण पैसे मोजताना पत्र मागावे.

२९/ परीक्षकांनी चालवली एवढ्याच कारणाने गाडी वाईट ठरत नाही. घाटात घासलेला पूर्वेचा मोती ग्वाल्हेरच्या महाराजांनी हौसेने घेतलाच. परीक्षकांनी वाखाणली एवढ्याच कारणाने ती चांगलीही ठरत नाही. जीटीओच्या बॉनेटखाली काय होते, ते आपण पाहिले. झीज मोजता येते, बदललेला भाग पुन्हा बदलता येतो. न नोंदलेला भूतकाळ मात्र दुरुस्त करता येत नाही. म्हणून असा सौदा समोर आलाच, तर किंमत विचारण्याआधी कागद विचारा. ते मिळाले, तर गाडी चालवून पाहा. नाही मिळाले, तर तिची छायाचित्रे पाहून समाधान माना.

#धागा_समाप्त